निम्म्या घराचा मालक

२ मार्च

आजपासून नवी वही. जुनीत अजून पानं होती, पण कालच्या भाषणानंतर तिच्यात लिहावंसं वाटेना. उद्या कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर सुरुवात कोऱ्या पानावर सापडलेली बरी.

व्यापारी मंडळाच्या सभागृहात काल माझं भाषण झालं. विषय होता ‘राखेतून घर’. मी म्हटलं, माणूस पडतो, पण पडूनच राहतो तो माणूस नव्हे. पूर्वी मी इमारती बांधायच्या धंद्यात होतो. एक इमारत कागदावर फार सुरेख उतरली होती, जमिनीवर उतरायची तेवढी राहून गेली. फ्लॅट मात्र सगळे विकले गेले होते. त्यावरून गैरसमज झाले आणि मला तीन वर्षं सरकारी पाहुणचार घ्यावा लागला. हा भाग भाषणात ‘खडतर काळ’ एवढ्यावर उरकला. बाहेर आलो तेव्हा अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हतं. आणि आज? खाली पडद्यांचं दुकान, वर तीन खोल्यांचं स्वतःचं घर. “सगळं या दोन हातांनी!” असं म्हणून मी हात वर केले. टाळ्या थांबेनात.

पहिल्या रांगेत करड्या शर्टातले एक गृहस्थ शब्दन् शब्द टिपून घेत होते. नंतर जवळ येऊन त्यांनी विचारलं, “घर स्वतःचंच ना? भाड्याचं नाही?” म्हटलं, “स्वतःचं. वीट न् वीट.” त्यांनी तेही लिहून घेतलं. असे श्रोते हल्ली मिळत नाहीत.

मंडळाने भेट म्हणून पेन दिलं. जड आहे, सोनेरी टोपणाचं. त्याच पेनने हे लिहितोय. मुलीने माझ्या आग्रहावरून भाषण मोबाईलवर घेऊन सगळीकडे पाठवलं. आमची ही, म्हणजे बायको, आली नव्हती. एका हॉटेलचे पडदे द्यायचे होते म्हणे.

६ मार्च

आमच्याकडे कामाची वाटणी स्वच्छ आहे. बाहेरची बाजू मी बघतो, म्हणजे गिऱ्हाइकांशी बोलणं, खिडक्यांची मापं घेणं आणि धंद्याचं धोरण ठरवणं. आतली बाजू हिची. कापड आणायचं, बेतायचं, शिवायचं, अस्तर लावायचं, बिलं, उधारी, घराचे हप्ते वगैरे. थोडक्यात डोकं माझं आणि बारीकसारीक कामं तिची. म्हणून तर भांडण होत नाही.

आज दुकानात नेहमीच्या एक नर्सबाई आल्या होत्या. निवृत्त आहेत, एकट्या, भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालक काही ना काही कारण काढून खोली सोडायला लावतो, नव्या खोलीची खिडकी वेगळ्या मापाची निघते आणि पडदे पुन्हा नव्याने. गंमत म्हणजे ही त्यांच्याकडून एक पैसा घेत नाही. मागे मी विचारलं होतं, ओळख ना पाळख, एवढा पुळका कशाला? तर म्हणाली, “ओळख आहे.” बायकांच्या ओळखी कुठे कुठे असतात कोण जाणे.

आज मीच बोलणं काढलं. “आपण कुठे भेटलोय का हो आधी? चेहरा ओळखीचा वाटतो.”

“भेटलोय ना,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मला एक खिडकी दाखवली होती. तिसऱ्या मजल्यावरची, पूर्वेची. सकाळचं ऊन थेट पलंगावर येईल म्हणाला होतात.”

“बघा! माणूस विसरेन, पण खिडकी नाही विसरत मी,” असं म्हणून वेळ मारून नेली. खरं तर खिडकीही आठवली नव्हती. पण त्यांच्या किती लक्षात राहिली! कामाची छाप म्हणतात ती हीच.

ही मशीन थांबवून माझ्याकडे बघत होती. काय झालं विचारलं तर म्हणाली, “दोरा तुटला.”

१० मार्च

करड्या शर्टातले गृहस्थ दुकानात आले. मी ओळखलं, खुर्ची पुसून दिली, चहा मागवला.

“तुमचं भाषण फार उपयोगी पडलं,” ते म्हणाले.

“तरुणांना?”

“आम्हाला.”

खिशातून ओळखपत्र काढलं. मालमत्ता वसुली खात्याचे अधिकारी. चहा मागवून चुकलो होतो, आता तो पाजणं भाग होतं.

त्यांनी शांतपणे सांगितलं. त्या इमारतीतून मला किती रक्कम मिळाली हे कोर्टाने तेव्हाच ठरवून टाकलं होतं. झडतीत माझ्याकडे एक स्कूटर आणि एक मनगटी घड्याळ निघालं. ते नेलं. बाकी रक्कम माझ्या नावावर तशीच उभी आहे.

“अहो, पण शिक्षा भोगून झाली की माझी!”

“शिक्षा वेगळी, वसुली वेगळी. निकालातच लिहिलंय, पुढे कधीही मालमत्ता झाली तर तीही धरायची.”

“पण हे घर त्या पैशाचं नाही. कष्टाचं आहे.”

“हो, वीट न् वीट,” ते म्हणाले. “कष्टाचं असलं तरी धरता येतं. ज्यांचे पैसे गेले तेही कष्टाचेच होते.”

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं असं ऐकलं होतं. माझं उलटं झालं. शेपूट स्कूटरवर बसून गेलं आणि हत्ती दुकानात उभा राहिला.

घर आम्हा दोघांच्या नावावर आहे, पहिलं नाव माझं. माझा निम्मा हिस्सा सरकार घेणार. मी विचारलं, निम्मं घर नेणार कसं, मधून कापून? ते म्हणाले, विकून. मग मागे वळून बघितलं तर ही कात्री हातात घेऊन उभी होती. तिने विचारलं, “हे पैसे जाणार कुणाला?”

“ज्यांनी फ्लॅटचे पैसे भरले होते त्यांना.”

“बरं,” ती म्हणाली.

बरं! डोक्यावरचं छप्पर चाललंय आणि बाई म्हणतात बरं. मग थोड्या वेळाने हळूच म्हणाली, “पण मुलीची खोली?”  त्या अधिकाऱ्यांनी चहा संपवून कप स्वतः विसळायच्या बेसिनपाशी नेऊन ठेवला. माणूस तसा सुसंस्कृत आहे.

१५ मार्च

वकीलबाईंकडे गेलो. तरुण आहेत, टेबलावर फायलींचा ढीग, खिडकीला पडदा नाही. माप मनात घेऊन ठेवलं.

त्यांनी मला काही विचारलंच नाही. सगळं हिला विचारत होत्या. मी आत असताना घर कसं चालवलंत? हिने सांगितलं, भाड्याच्या खोलीत जुनं मशीन घेतलं, शेजारणींचे पडदे शिवले, मग एका शाळेचे, मग दवाखान्याचे. घराची पहिली रक्कम कुणी भरली? हिने. हप्ते? हिने. मग यांचं नाव का घातलंत?

 मी मदतीला धावलो. “घरात नवरा असताना घर एकट्या बाईच्या नावावर? लोक काय म्हणतील? मीच म्हटलं नाव घाल. आणि पहिलं घाल.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “हे कोर्टात सांगाल?”

त्यांचं म्हणणं असं, की संपूर्ण घर हिच्या पैशाचं आहे आणि माझं नाव नुसतं कागदावर आहे असं सिद्ध झालं, तर सरकारला काहीच मिळणार नाही. माझ्याकडे घेण्यासारखं काही नाही हे ठरलं की झालं. पण ते मी स्वतः उभं राहून सांगायला हवं. वाक्यही त्यांनी सांगितलं, ‘हे घर माझ्या पत्नीने घेतलं. माझं नाव फक्त कागदावर आहे.’

म्हणजे मी, ज्याने व्यापारी मंडळाच्या सभागृहात टाळ्या घेतल्या, त्याने भर कोर्टात सांगायचं की मी आयत्या बिळावरचा नागोबा आहे! म्हटलं, “बाई, हे खोटं आहे.”

त्या हिच्याकडे बघत राहिल्या. ही छताकडे.

येताना मी हिला म्हटलं, घरासाठी मी खोटंही बोलेन. ती म्हणाली, “तुम्हाला जमेल तसं करा.”

२४ मार्च

आज करड्या शर्टवाले घराची किंमत ठरवायला आले. बरोबर एक मूल्यांकन करणारा. त्याची माप घ्यायची पद्धत बघून जीव कासावीस झाला. टेप ढिला सोडतो आणि खिडकी एकदाच मोजतो! खिडकी नेहमी वर, मध्ये आणि खाली अशी मोजायची. कुठलीही भिंत सरळ नसते. मी त्याला मापून दाखवलं. शिकला बिचारा.

किंमत मात्र त्याने फारच कमी लिहिली. ‘साधारण स्थिती’ म्हणे! मग माझ्याने राहवेना. ओट्याचा दगड कुठल्या प्रतीचा आहे ते दाखवलं. दाराचं लाकूड वाजवून दाखवलं. गच्चीवर नेलं आणि म्हटलं, हा वारा कुठे मिळेल का सांगा. मागची गल्ली पुढच्या वर्षी रुंद होणार आहे हेही सांगितलं. त्याने आकडा खोडून नवा लिहिला, मी भुवया उंचावल्या, त्याने आणखी वाढवला. माझ्या घराला कुणी साधारण म्हणू नये.

फक्त खिडक्यांपाशी त्याने टोचलंच. “पडद्यांचं दुकान आणि घरात एक पडदा नाही?”

खरं आहे. दिव्याखाली अंधार. इतकी वर्षं आमच्या खिडक्यांना जुन्या चादरी खोचलेल्या आहेत. हिला कितीदा म्हटलं, तर म्हणते, “घर आपलं झालं की लावू.” अगं, झालंय की!

ते गेल्यावर ही म्हणाली, “ते किंमत कमी लावत होते तर लावू द्यायची ना.” म्हणजे हिला आपल्या घराचा अभिमानच नाही.

९ एप्रिल

वाक्याची तालीम चालू आहे. मुलगी सरकारी वकील होते. ती कॉलेजात नाटकात काम करते, त्यामुळे भूमिकेत शिरली की बापाला ओळखत नाही.

“हे घर कुणी घेतलं?”

“हे घर माझ्या पत्नीने घेतलं. अर्थात माझ्या मार्गदर्शनाखाली.”

“बाबा, मार्गदर्शन काढा.”

“थोडं राहू दे की.”

“नाही. पुन्हा. हे घर कुणी घेतलं?”

“हे घर माझ्या पत्नीने घेतलं. माझं नाव फक्त कागदावर... तसं कागदावर असणं म्हणजेसुद्धा...”

“बाबा!”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं ती आजीकडून शिकलेली म्हण माझ्या तोंडावर म्हणते. ही मात्र शिवताना हसत होती. हसताना तिला फार दिवसांनी बघितलं.

आता आंघोळ करताना, रस्त्याने जाताना, लोकांच्या खिडक्या मोजताना तेच वाक्य घोकतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, काय पुटपुटताय? म्हटलं, माप.

इथे लिहायला हरकत नाही, मला भीती वाटते. घर जाईल याची वाटतेच. मुलीची खोली, खालचं दुकान, सगळं एका दमात जाईल. पण त्याहून जास्त ते वाक्य म्हणायची वाटते. असं का होतं ते कळत नाही. आयुष्यात खोटं बोलताना मला कधी भीती वाटलेली नाही.

१७ मे

आज कोर्ट.

आधी ही उभी राहिली. न्यायाधीशबाईंनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला तिने एकेका ओळीत उत्तर दिलं. दुसरी एखादी असती तर रडून घेतलं असतं. सरकारी वकिलाने शेवटी विचारलं, “आणि पतीचं योगदान?”

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “मापं चांगली घेतात.”

एवढंच! मी बाकावर चुळबुळ करत बसलो. नंतर वाटलं, चला, खोटं तर बोलली नाही.

मग मी. सरकारी वकिलाने पडद्यावर माझं भाषण लावलं. हात वर करतो तो क्षण फार झकास आलाय, टाळ्याही स्वच्छ ऐकू येतात. क्षणभर विसरलोच की आपण कुठे उभे आहोत. वकील म्हणाला, “हे हात आपलेच?”

“माझेच.”

“या हातांनी घर उभं राहिलं, असं आपण शेकडो लोकांसमोर म्हणालात. खरं ना?”

जिभेच्या टोकावर ‘वीट न् वीट’ आलं होतं. खरंच आलं होतं. तेवढ्यात हिच्याकडे लक्ष गेलं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती. उजव्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलाय, तो ती दुसऱ्या हाताने चोळत होती. आणि तोंडातून वाक्य बाहेर पडलं, “हे घर माझ्या पत्नीने घेतलं. माझं नाव फक्त कागदावर आहे.” मार्गदर्शन नाही, काही नाही. 

असा अभिनय मी जन्मात केला नव्हता. मुलीनेसुद्धा नंतर माझा हात दाबला.

मागच्या बाकावर नर्सबाई बसल्या होत्या. आणखी दहाबारा माणसं होती, त्यातली काही माझ्याकडे एकटक बघत होती. नर्सबाई हिच्यासाठी आल्या असणार. गिऱ्हाईक असावं तर असं.

२१ जून

निकाल लागला. निम्मं घर गेलं.

न्यायाधीशबाईंनी लिहिलंय, “प्रतिवादी खोटं बोलण्यात वाकबगार आहे हे याच न्यायालयात पूर्वी सिद्ध झालेलं आहे. घर हातचं जाऊ लागताच त्याला पत्नीच्या कष्टांची आठवण झाली, हे फारच सोयीचं आहे. उलट त्याचं भाषण अशा वेळचं आहे, जेव्हा त्याला खोटं बोलण्याचं काही कारण नव्हतं. म्हणून न्यायालय भाषणावर विश्वास ठेवतं.”

खोटं बोलण्याचं काही कारण नव्हतं! बाई विद्वान आहेत, पण त्यांनी व्यापारी मंडळात कधी भाषण दिलेलं दिसत नाही.

पुढे मात्र एक वाक्य आहे, ते इथे उतरवून ठेवतो. “सदर घर प्रामुख्याने प्रतिवादीच्या मेहनतीतून व उद्यमशीलतेतून उभं राहिल्याचं दिसतं.” सरकारी शिक्क्यासकट! हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाहेर आल्यावर वकीलबाईंना म्हटलं, या पानाची वेगळी प्रत मिळेल का? लॅमिनेट करून दुकानात लावली असती. त्या सरळ गाडीत बसल्या.

घरी हिने ते वाक्य पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं, योग्य तिथे जोर देऊन. ती म्हणाली, “छान वाचता तुम्ही.” आणि खाली गेली.

त्यानंतर रात्रीपर्यंत मशीनचा आवाज आला नाही. वीज होती. मी दोनदा जिन्यात जाऊन कानोसा घेतला. ती मशीनपुढे नुसती बसली होती. मी ते पान घडी करून कपाटात ठेवलं, अगदी खालच्या खणात.

३० जून

वाट आहे. सरकारने माझा हिस्सा बाजारात विकण्याआधी हिला तो विकत घेता येईल, ठरलेल्या किमतीने. वकीलबाईंनी मूल्यांकनाचा आकडा बघितला आणि विचारलं, “या गल्लीत एवढी किंमत कशी लागली?”

मी म्हटलं, “बाजार चढा आहे.” हिने माझ्याकडे बघितलं नाही, हे बरं झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फक्त मी हात नाही, ओट्याचा दगड दाखवला होता.

म्हणजे आता हिने स्वतः घेतलेलं घर, निम्मं पुन्हा विकत घ्यायचं. तेही मी वाढवलेल्या भावाने. लिहिताना पेन जड लागलं.

२ ऑगस्ट

लिहायला सवड नव्हती. हिने मोठ्या रुग्णालयाचं काम घेतलंय, दोन खाटांमधले पडदे. मैलभर कापड आहे. मुलगी कॉलेजातून आली की कडा दुमडते. मला कड्या ओवायला बसवलंय. ‘धोरण’ सध्या बंद आहे.

कर्ज हिच्या एकटीच्या नावावर मिळालं. बँकेतल्या माणसाने सवयीने माझ्यापुढे कागद सरकवला. “साहेबांची सही?” ही म्हणाली, “नको.” तो म्हणाला, “असलेली बरी.” ही म्हणाली, “असलेली होती मागच्या वेळी.” मी पेन काढलं होतं, ते परत खिशात ठेवलं.

२६ सप्टेंबर

घराचा नवा कागद आला. एकच नाव. माझं वर नाही आणि खालीही नाही. मी म्हटलं, नुसता कागद बदललाय, बाकी काय? घर तेच, आपण तेच. गर्वाचं घर खाली असं मुलगी म्हणाली, तर हिने तिला दटावलं. “घर वरच आहे. जा, चहा टाक.”

संध्याकाळी ही टेप घेऊन वर आली आणि खिडकीवरची चादर काढली. “धरा,” म्हणाली. मी दुसरं टोक धरलं. वर, मध्ये, खाली. आमच्या खिडक्या पडद्यांसाठी मी आज पहिल्यांदा मोजल्या. स्वयंपाकघरातली खिडकी चांगलीच वाकडी आहे, एवढ्या वर्षांत कधी कळलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

आज हिने एका पत्त्यावर माप घ्यायला पाठवलं. नवीन वस्ती, लहान घरं. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं तर समोर नर्सबाई.

एकच खोली आणि छोटंसं स्वयंपाकघर. सामान अजून बांधलेलं. म्हणाल्या, “स्वतःचं घेतलं. थोडी साठवण होती, कर्जही केलं. आणि तुमच्या घराचे माझ्या वाट्याचे पैसे मिळाले.”

मी टेप काढला, खिडकीपाशी गेलो. ऊन थेट पलंगावर पडलं होतं. तिसरा मजला. पूर्व. टेप हातात तसाच राहिला.

माझ्यापुढे तो जुना नकाशा आला. निळ्या शाईने मी खिडकीवर गोल केला होता. समोर हॉस्पिटलच्या गणवेशात एक बाई बसली होती, ड्यूटीवरून सरळ आलेली. तिने विचारलं होतं, ऊन येईल ना? थंडीत पाय दुखतात. मी म्हणालो होतो, थेट पलंगावर. तेव्हा तिथे माळ होता.

इतकी वर्षं ही त्यांचे पडदे फुकट का शिवत होती, ते मला त्या खिडकीत उभं राहून कळलं. हिला ते पहिल्यापासून माहीत होतं. मला शरम वाटली. तसं लिहून टाकलेलं बरं, उद्या मी ते वेगळ्या शब्दांत सांगायला लागेन.

“टोक धरू?” त्या म्हणाल्या. त्यांनी धरलं. मी वर मोजलं, मध्ये मोजलं, खाली मोजलं. मग पुन्हा एकदा.

“घर राहिलं ना तुमचं?” त्यांनी विचारलं.

मी टेपकडे बघत म्हणालो, “घर हिने घेतलं. माझं नाव फक्त कागदावर होतं. आता तेही नाही.”

“कोर्टातही हेच म्हणाला होतात. मी ऐकलंय.”

“हो. पण तेव्हा मला वाटलं, मी खोटं बोलतोय.”

 त्यांनी टेपचं टोक सोडलं नाही. मग म्हणाल्या, “लांबी जरा कमी ठेवा. ऊन अडायला नको.”

परत येऊन हिला माप दिलं. तिने विचारलं, “नीट मोजलंत?” म्हटलं, “दोनदा.” ती म्हणाली, “मग बिल करा. पूर्ण किमतीचं. त्यांनी बजावलंय, या वेळी पैसे घ्यायचेच.”

बिल केलं. खाली ‘मालक’ असं छापलेलं असतं, त्यापुढे मी वर्षानुवर्षं झोकदार सही करत आलोय. आज ते बिलबुक आत नेऊन तिच्या मशीनवर ठेवलं. तिने हात पुढे केला. “पेन?” मी खिशातलं सोनेरी टोपणाचं दिलं. तिने सही केली, पेन हातात तोलून बघितलं आणि आपल्या कात्रीशेजारी ठेवून दिलं.

अजून परत दिलेलं नाही. हे मुलीच्या बॉलपेनने लिहितोय.